‘एकट्याचं घर’ या लेखावर हरकत

१२ ऑगस्ट

मामाआजोबा,

साष्टांग नमस्कार घालायला हॉस्टेलच्या खोलीत जागा नाही, दोन खाटांमधून जायचं तरी अंग चोरावं लागतं. तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की पलीकडच्या खोलीतली अभ्यासू मुलगी भिंतीवर चप्पल आपटते, म्हणून पत्र.

काम आहे, असंच नाही लिहिलेलं. आम्हाला पहिल्या वर्षाला निबंधाचा तास असतो. त्यात मनातलं काही लिहायचं नसतं. कोणीतरी आधी लिहिलेला लेख वाचायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. आमच्या पुस्तकात असे बरेच लेख आहेत. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. मला आला ‘एकट्याचं घर’. खाली लेखकाचं नाव वाचलं आणि मी भर वर्गात हसले. सर म्हणाले, काय झालं? म्हटलं, हे माझ्या आईचे मामा. कोणालाही खरं वाटलं नाही. पुस्तकातला लेखक म्हणजे मेलेला, असा सगळ्यांचा समज आहे.

मी चार पानं खरमरीत लिहिली. तुम्हाला माणूसघाणा म्हटलं, अहंकारी म्हटलं, एका ठिकाणी दगडसुद्धा म्हटलं. सरांनी गुण न देता वही परत केली. खाली एकच ओळ: ‘हा लेखक कोण? मी वाचलेल्या लेखात हा नाही.’

सरांची एक रीत आहे. ‘पण’ हा शब्द लिहायच्या आधी समोरच्याचं म्हणणं अर्धं पान आपल्या शब्दांत मांडायचं. ते अर्धं पान असं हवं, की लेखकाने वाचलं तर त्याने म्हणावं, हो बुवा, हेच म्हणत होतो मी. बाकीची मुलं लेखकाच्या मताचा कोणीतरी माणूस शोधतात आणि त्याचा होकार आणतात. माझा लेखक जिवंत निघाला ही माझी अडचण. तुमचा होकार कागदावर आल्याशिवाय सर पुढचं वाचणार नाहीत, आणि सत्र संपायच्या आत निबंध गेला नाही तर मी नापास.

आता दुसरं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुम्ही जिन्यावरून पडलात आणि उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, हे तुम्ही आम्हाला कळवलं नाहीत, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी कळवलं. आई म्हणते, आता पुरे, कायमचं आमच्याकडे राहायला या. तुम्ही तिला एका ओळीत उत्तर पाठवलंत: ‘माझं मत छापून आलेलं आहे.’ तेव्हापासून तिचं डोकं फिरलंय. मला म्हणाली, तुला तोच लेख आलाय ना, मग असा धुवून काढ की मामांना पुढे बोलायला तोंड राहू नये. म्हणजे बघा, निबंध एक आणि गिऱ्हाइकं दोन.

तर तुमचं म्हणणं असं: माणसं त्रास देतात. नातेवाईक तर फारच. म्हणून शहाण्याने एकटं राहावं, म्हातारपणी तर राहावंच, म्हणजे कोणाचं काही ऐकून घ्यावं लागत नाही.

बरोबर ना? ‘हो’ लिहून पाठवा, सहीसकट.

तुमची,
मिरची


२० ऑगस्ट

चि. मिरची,

नाही.

हे अक्षर माझं नाही. मी सांगतोय आणि नर्सबाई लिहितायत. (नमस्कार. मीच ती खालची. ते भरभर सांगतात आणि मध्येच खिडकीबाहेर ढग बघत बसतात, त्यामुळे वेळ लागतो.) त्यांना सांगितलंय की मी बोलेन तेवढंच लिहायचं. (बरं.)

लेख मुलांच्या पुस्तकात आहे हे मला माहीत नव्हतं. कोणी विचारलं नाही, कळवलं नाही. पण मला आनंद झाला, तो लपवत नाही. काल वाण्याला सांगितलं, आज केस कापणाऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, पैसे किती मिळाले? असो.

तू लेख वाचलास असं मला वाटत नाही. तू तुझ्या आईचा राग वाचलास. माणसं त्रास देतात असं मी कुठे म्हटलंय, ती ओळ दाखव. नातेवाइकांबद्दल वाईट शब्द दाखव. सापडला तर मी आजच्या आज बोचकं बांधून तुमच्या दारात उभा राहतो. (हे मी दोनदा लिहून घेऊ का, असं विचारलं. नको म्हणाले.)

तुला माहीत आहे, मी हवामान खात्यात होतो. उमेदीची सगळी वर्षं टेकडीवरच्या केंद्रावर गेली. सकाळी तापमान बघ, पावसाचं माप बघ, वारा कुठून येतोय ते लिही, कळव. ते काम एकट्याचंच. तिथे मी मध्येच थोड्या महिन्यांसाठी बदलून आलेली पुष्कळ माणसं पाहिली. ज्यांना एकटं राहता येत नव्हतं, ती पहिल्या आठवड्यात माझ्या गळ्यात पडायची. दुसऱ्या आठवड्यात माझ्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. बदली झाली की वळूनसुद्धा बघायची नाहीत, कारण त्यांना मी नको होतो, कोणीतरी हवं होतं. लेख तिथून निघाला. आता पुन्हा वाच. सावकाश वाच, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस.

आणि दगड म्हटल्याबद्दल राग नाही. दगड चांगला असतो, पावसात टिकतो.

हात बरा आहे. जिन्याचा दिवा गेला होता म्हणून पडलो, वयामुळे नाही.

मामाआजोबा

(ता. क. हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून दोन ओळी माझ्या. जिन्याचा दिवा गेलेला नव्हता. काळजीचं कारण नाही, आम्ही आहोत. पण दिवा गेलेला नव्हता.)


५ सप्टेंबर

मामाआजोबा,

लेख पुन्हा वाचला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा पेन्सिल खाली ठेवून वाचला. वाईट शब्द सापडला नाही, बोचकं बांधू नका.

आता तुमचं म्हणणं मला दिसतं ते असं: ज्याला एकटं राहता येत नाही, तो माणसांकडे गरजेपोटी जातो आणि त्या गरजेलाच प्रेम म्हणतो. समोरच्यालाही कळत नाही की हा माझ्यासाठी आलाय की रिकाम्या घराला कंटाळून आलाय. म्हणून एकटं राहण्याची सवय आधीच करावी, हातपाय चालत असताना करावी. मग आपण कोणाकडे गेलो तर त्याला भेटायलाच गेलो, आणि कोणी आपल्याकडे आलं तर तो कर्तव्य म्हणून आला नाही, अशी खात्री राहते. एकट्याचं घर म्हणजे दार बंद केलेलं घर नाही. ज्याच्या दारात येणाऱ्यावर कसलीही सक्ती नाही, असं घर.

हे लिहिताना मला लाज वाटली. हॉस्टेलला आल्यापासून मी रोज रात्री कोणाच्या ना कोणाच्या खोलीत जाऊन बसते. परवा एकीने विचारलं, तुला माझ्याशी बोलायचंय की नुसतं बोलायचंय? मी उठून माझ्या खोलीत परत आले.

तेव्हा मी ठरवलं की हरकत घ्यायचीच नाही. निबंधाच्या कच्च्या खर्ड्यात लिहिलं, लेखकाचं बरोबर आहे, हा लेख सगळ्यांनी वाचावा. सरांनी वाचून विचारलं, ‘तुम्हाला उत्तर द्यायला सांगितलं होतं, आरती ओवाळायला नाही. लेखकाने वकीलपत्र दिलंय का?’ आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, वा, तुला पाठवलं मामांना आणायला आणि तूच तिकडे जाऊन बसलीस.

सगळीकडून बोलणी खाल्ली. निदान तुमचा होकार तरी द्या.

मिरची


१४ सप्टेंबर

चि. मिरची,

हो. हेच म्हणत होतो मी. खाली सही करायची तर डाव्या हाताने करतो, कोंबडीने पाय ओढल्यासारखी दिसेल, पण ती माझीच आहे हे नर्सबाई साक्षीदार म्हणून लिहितील. (आहे. कोंबडीपेक्षा बरी आहे.)

‘कसलीही सक्ती नाही’ हे माझ्या लेखात नाही, ते तुझं आहे. मी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

पण बाकीचं काय लावलंयस हे? सगळ्यांनी वाचावा म्हणे. मी काय मेलोय? मेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात. तू मला दगड म्हणालीस तेव्हा मला तुझ्याशी बोलावंसं वाटलं होतं. आता तू हार घेऊन उभी राहिलीस, मग बोलायचं कशावर? एवढ्या वर्षांत या लेखाशी कोणी भांडलेलं नाही. छापून आला तेव्हा मासिकाकडे दोन पत्रं आली, दोन्ही ‘लेख आवडला’. माणूस विचार मांडतो तो कोणीतरी त्यावर बोट ठेवावं म्हणून. बोट ठेव. कुठेतरी पोकळ असणारच. मला दिसत नाही, कारण मी आत बसलोय.

तुझे सर शहाणे आहेत. त्यांना माझा नमस्कार सांग.

बेबीला, म्हणजे तुझ्या आईला, सांग की मी मजेत आहे. तिने रागावू नये. मला माझ्या खिडकीतून पश्चिमेचं आभाळ दिसतं, ते तुमच्याकडून दिसत नाही. सकाळी उठतो, चहा करतो, कोणाला काही मागावं लागत नाही. एवढंच मला पुरतं.

मामाआजोबा

(ता. क. पाकीट पुन्हा माझ्याकडे. ‘कोणाला काही मागावं लागत नाही’ हे लिहिताना माझा हात थांबला होता. मुली, खरं आहे, ते मागत नाहीत. पेपर रोज सकाळी मी वर घेऊन जाते, पेपर फक्त निमित्त, उठलेत की नाही ते बघायला जाते. जाताना गॅसचं बटण बघते, महिन्यात दोनदा चालू सापडलंय. दिवे आमचे हे बदलतात. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले नाहीत की औषधवाला मला फोन करतो. दूधवाला कालची पिशवी दाराशी दिसली तर घंटा वाजवल्याशिवाय खाली उतरत नाही. या एका माणसाला एकटं ठेवायला आम्हा सगळ्यांना लागावं लागतं. तक्रार नाही हं. भला माणूस आहे. माझ्या ह्यांना छत्री घ्यायची की नाही ते रोज सांगतात आणि कधी चुकत नाहीत. पण तू बोट ठेवायची जागा शोधतेयस, म्हणून सांगितलं.)


२ ऑक्टोबर

मामाआजोबा,

बोट ठेवलंय. दुखलं तर कळवा.

निबंध दिला आणि सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. सगळा पाठवत नाही, हरकतीचा भाग तेवढा लिहिते.

लेखाच्या मध्यावर तुमचं एक वाक्य आहे: ‘सकाळी दार उघडावं तर दूध, वर्तमानपत्र आणि ऊन, तिघंही न बोलावता आलेली असतात.’ सुंदर वाक्य आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खाली रेघ मारली होती. आता विचारते: ऊन सोडा, बाकीची दोघं कशी आली? कोणीतरी टेकडी चढून आणली. त्या माणसाचं नाव लेखात नाही, त्याचे पायसुद्धा नाहीत. पुढे तुम्ही लिहिता की तापाने पडलो तेव्हा उशाशी पाणी होतं. कोणी ठेवलं? जेवण झाकलेलं होतं. कोणी झाकलं? लेखात एकटा माणूस आहे आणि त्याच्या भोवती कामं आपोआप होतायत. माझी हरकत एवढीच: तुम्ही एकटे राहत नव्हता. तुम्ही माणसांमध्ये राहत होता आणि तुम्हाला ती दिसत नव्हती. गरज तुमचीही होती. फक्त ती मागायच्या आधीच कोणीतरी भागवत होतं, म्हणून तुम्हाला ती गरज वाटली नाही.

आणि हे जुन्या काळचंच नाही. नर्सबाईंनी मला सगळं कळवलंय. त्यांच्यावर रागवायचं नाही, रागवायचं तर माझ्यावर. गॅस, दिवे, गोळ्या, दुधाची पिशवी. (नर्सबाई, माफ करा. तुमचं नाव घेतल्याशिवाय मुद्दा उभा राहत नव्हता.)

म्हणून माझा निष्कर्ष: माणसं लागतातच, तर मग ती परकी कशाला? आमच्याकडे या. आईने तुमच्यासाठी आतली खोली रिकामी केलीय, म्हणजे माझीच. खिडकी पूर्वेला आहे, आभाळ तिकडेही असतं.

निबंधाची प्रत आईला पाठवली. तिने वाचून नुसतं ‘हं’ म्हटलं. मला वाटलं होतं नाचेल.

तुम्ही रागावलात का?

मिरची


११ ऑक्टोबर

चि. मिरची,

पहिले दोन दिवस रागावलो होतो. नर्सबाईंना घरभेदी म्हटलं. (म्हटलं. शिवाय ‘पाकीट फोडणारी’ म्हटलं. पाकीट मीच बंद करते, फोडायचं काय त्यात?) तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन आल्या तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांना म्हटलं, मी तुमचा आभारी आहे. त्यांनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

हरकत मान्य. तू जिथे बोट ठेवलंस तिथे खरंच पोकळ आहे. टेकडीवर दूध आणणारा माणूस मला आठवला. एका पायाने लंगडा होता. चढ चढताना खाली बसायचा, मग पुन्हा उठायचा. मी वरून बघायचो आणि वेळ नोंदवायचो. तो लेखात यायला हवा होता.

पण निष्कर्ष चुकला. तुझ्या सरांच्या कसं लक्षात आलं नाही? माणसं लागतात हे तू सिद्ध केलंस. मग ती माणसं कुठे आहेत? इथे. नर्सबाई इथे, त्यांचे हे इथे, औषधवाला, दूधवाला इथे. तुझ्याच तर्काने मी इथेच राहायला हवं. फरक एवढाच, की यापुढे मला ती दिसली पाहिजेत. त्याची सुरुवात मी केली आहे. घराची दुसरी किल्ली नर्सबाईंना दिली. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसतो. शेगडीही बदलली, नवी आपोआप बंद होते. (खरं आहे. आम्हाला काही जड नाही. राहू देत त्यांना इथेच, असं माझंही मत.)

तेव्हा बेबीला सांग, तिची काळजी मिटली, विषय संपला. तू जिंकलीस आणि मीही. असा वाद क्वचित होतो.

मामाआजोबा


२८ ऑक्टोबर

ती. मामा,

मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. दाताच्या दवाखान्यात दिवसभर वेळा लिहून देते, ‘मंगळवारी या, साडेदहाला या’, तेवढंच माझं लेखन. त्यामुळे इथे काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही दोघं गेले तीन महिने छान वाद घालताय. पोरगी प्रत्येक पत्र मला फोनवर वाचून दाखवते. काय सुरेख बोलता दोघं. तुमचं म्हणणं तिने अर्ध्या पानात मांडलं, तुम्ही हो म्हणालात. तिचं म्हणणं तुम्ही मान्य केलंत. दोघंही जिंकलात. माझं म्हणणं काय आहे, हे कोणी विचारलं नाही. तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत की बेबीला काळजी वाटते, आणि शेगडी बदलली की काळजी मिटते.

दोष माझाच. मी तुम्हाला तसंच सांगितलं होतं. पडाल, हात मोडेल, गॅस राहील. ते बोलायला सोपं आहे. खरं बोलायला जीभ उचलत नाही.

हे जाऊन पाच वर्षं झाली. तोवर पोरगी होती. जूनमध्ये ती हॉस्टेलला गेली. मी सकाळी कामावर निघताना रेडिओ चालू ठेवून निघते, म्हणजे संध्याकाळी कुलूप काढलं की घरात कोणीतरी बोलत असतं. दवाखान्यात दिवसभर बोलते, पण समोरचे सगळे गाल धरून बसलेले, उत्तर कोण देणार? रविवारी तर सोमवार कधी येतो असं होतं. पोरीने पाठवलेला निबंध वाचला. लेखात एकट्या माणसाची चर्चा, उत्तरात एकट्या माणसाची चर्चा. तो एकटा माणूस म्हणजे तुम्ही. मला हसूही आलं आणि रडूही आलं. मामा, तुमच्याभोवती एवढी माणसं आहेत. एकटी मी राहते.

आता आणखी एक. हे बोलणार नव्हते, पण आज बोलते. तुमचा लेख सुरू होतो: ‘माझ्या घरात एकच खुर्ची आहे.’ मामा, दोन होत्या. दुसरीवर मी बसले होते. आमच्या गावात वरची शाळा नव्हती म्हणून तुमच्याकडे टेकडीवर शिकायला होते, आठवी ते दहावी. तुम्ही तो लेख लिहिलात तेव्हा त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बीजगणित करत होते. दौत एकच होती, दोघं तिच्यातच बुडवत होतो. तापात उशाशी पाणी मी ठेवलं होतं. जेवण मी झाकलं होतं. तुम्ही आजारी असताना पावसाचं मापसुद्धा मी बघून लिहिलं. मासिक आलं तेव्हा मी आधी धावत जाऊन ते वाचलं, मला वाटलं मी असेन त्यात. नव्हते. तुम्हाला विचारलं नाही. म्हटलं, लेखात मुली घालत नसतील.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही मला शिकवलंत, मायेने वागवलंत, कधी आवाज चढवला नाहीत. पण तुम्ही ‘माझं मत छापून आलेलं आहे’ असं कळवलंत ना, तेव्हा मला परत तेच वाटलं, की यात मी नाही.

तर माझं म्हणणं असं. तुम्हाला माझी गरज नाही, हे मला पटलंय. मला तुम्ही हवे आहात. कोणीतरी नको, तुम्ही हवे आहात. संध्याकाळी घरात तुम्ही असावं आणि उद्या पाऊस आहे की नाही ते सांगावं. एवढंच.

यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. खोली मात्र तशीच ठेवते.

बेबी


६ नोव्हेंबर

चि. बेबी,

प्लास्टर निघालं. अक्षर वाकडं येतंय, पण हे मीच लिहितोय. नर्सबाईंनी विचारलं, लिहून देऊ का? म्हटलं, हे नको. तुझं पत्र त्यांना वाचायला दिलं होतं. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग मलाच रागावल्या.

दोन खुर्च्या होत्या. दौतीचंही खरं.

तुला घातलं नाही, त्याचं कारण सांगतो. मिरची म्हणते तसं तू दिसत नव्हतीस म्हणून नाही. तुझी दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. तू पास होणार, पुढे शिकायला शहरात जाणार, हे मला माहीत होतं, कारण अभ्यास मीच घेत होतो. तू गेल्यावर त्या टेकडीवर मी कसा राहणार, हे मला कळत नव्हतं. तुझ्या आधी मी तिथे वर्षानुवर्षं एकटा राहिलो होतो आणि मला काही वाटलं नव्हतं. तू आलीस आणि ते मोडलं. मग मी रात्री लिहायला बसलो. एकटं राहणं कसं चांगलं, त्याने माणूस कसा मोकळा होतो, सगळे मुद्दे एकापुढे एक मांडले. ते जगाला पटवायला नव्हते. समोर तू बसली होतीस आणि मी तुझ्याशिवाय राहायची तयारी करत होतो. तुझं नाव घातलं असतं तर पहिल्याच पानावर सगळा लेख कोसळला असता.

त्यात गरजेबद्दल एवढं लिहिलंय. आपण कोणाला हवे असलो तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही. मिरचीने शोधलं नाही, तिच्या सरांनी शोधलं नाही, मला तर ते दिसायचं कारणच नव्हतं. तिला कळव. तिचे गुण कमी होऊ नयेत एवढंच.

बेबी, तूही मला हवी होतीस. तेव्हाही आणि नंतरही. तुझ्या लग्नात मी कोपऱ्यात उभा राहून आभाळ बघत होतो, लोक म्हणाले मामांना ढगांचा नाद आहे. ढग नव्हते त्या दिवशी.

मी येतो. भेटायला नाही, राहायला. नर्सबाई सामान बांधतायत आणि मधूनमधून नाक पुसतायत. त्यांना आणि त्यांच्या ह्यांना तुझा पत्ता दिलाय, ती दोघं येत राहतील. मिरची सुट्टीत आली की तिची खोली तिची, मी बाहेरच्या खोलीत झोपेन.

पुढच्या सोमवारी येतो, गाडी दुपारी पोचते, तेव्हा तू दवाखान्यात असशील. मी स्टेशनवर बसून राहीन. तुझं काम संपलं की मला घ्यायला ये, घरी बरोबरच जाऊ. सकाळी निघताना रेडिओ बंद करून नीघ.

मामा